एका म्यानात दोन तलवारी

२०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी साताऱ्याहून सांगलीला थोरल्या भावाकडे गेलो होतो. गणपती पेठेत त्याचे दुकान आहे. खाली दुकान आणि वर घर. दुकानातल्या टेबलावर एक जुना संगणक आहे. दिवसभर त्याच्यावर बिले आणि हिशेब चालतात. रात्री दुकान बंद झाले की तो रिकामाच असतो.

माझी पुतणी नववीत आहे. ती म्हणाली, "काका, मला लिनक्स शिकायचे आहे. पण बाबा संगणकाला हात लावू देत नाहीत."

"शिकायला माझी ना नाही," दादा म्हणाला. "पण माझे सगळे हिशेब त्यात आहेत. मागच्या खेपेला काय झाले ते तुझ्या काकालाच विचार."

मी गप्प बसलो. मागच्या खेपेला जे झाले ते माझ्याच हातून झाले होते! ती हकीकत पुढे सांगणारच आहे. पण प्रश्न मात्र खरा होता. घरात संगणक एकच. दादाची हिशेबाची प्रणाली फक्त विंडोजवर चालते, आणि पुतणीला हवे आहे लिनक्स. एकाच यंत्रावर हे दोन्ही कसे नांदवायचे? तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी हाच प्रश्न आज ना उद्या उभा राहील. म्हणून आपण तो नीट मुळापासून पाहू.

कारभारी हवाच कशाला?

विंडोज आणि लिनक्स या दोन्ही 'ऑपरेटिंग सिस्टिम' आहेत. मराठीत त्यांना कार्यप्रणाली म्हणतात. आपण सोयीसाठी कार्यप्रणालीला यंत्राचा 'कारभारी' म्हणू.

संगणकाच्या पेटीत मुख्य वस्तू तीन. पहिली प्रोसेसर. बेरीज-वजाबाकी आणि तुलना तोच करतो. दुसरी रॅम, म्हणजे कामापुरती स्मृती. वीज गेली की ती कोरी होते. तिसरी हार्ड डिस्क, म्हणजे कायमचे कोठार. याशिवाय कळफलक, पडदा, छपाईयंत्र अशी बाहेरची मंडळी असतात. एकाच वेळी दहा-वीस कामे चालू असतात आणि प्रत्येकाला प्रोसेसर हवा असतो, रॅम हवी असते. कोणाला किती क्षण प्रोसेसर द्यायचा, कोणाला रॅमचा कोणता तुकडा द्यायचा, कोठारात कोणती वस्तू कोठे ठेवायची, हे ठरवणारा कोणी तरी लागतो. तोच हा कारभारी.

कारभाऱ्याला काही खास अधिकार असतात. आपल्याकडच्या बहुतेक घरगुती संगणकांचे प्रोसेसर ज्या घराण्यातले आहेत, त्यांत अधिकाराच्या चार पायऱ्या ठेवलेल्या आहेत: शून्य, एक, दोन आणि तीन. कारभाऱ्याचा गाभा शून्याच्या पायरीवर बसतो. आपण वापरतो ते सगळे कार्यक्रम तिसऱ्या पायरीवर असतात. काही आज्ञा, उदाहरणार्थ रॅमची वाटणी बदलण्याची आज्ञा, फक्त शून्याच्या पायरीवरूनच देता येते. खालच्या कोणी ती दिली तर प्रोसेसर ती पाळत नाही; काम थांबवून तो कारभाऱ्याला खबर देतो.

आता अडचण तुमच्या ध्यानात आली असेल. विंडोजला वाटते, शून्याच्या पायरीवर मी एकटाच. लिनक्सचेही तेच म्हणणे. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, ते येथे अक्षरशः खरे आहे. यातून सुटण्याचे मुख्य मार्ग दोन. गंमत अशी, की दोन्हींचे दाखले आपल्या सातारा-सांगलीच्या इतिहासातच सापडतात.

पहिला मार्ग: वारणेचा तह

छत्रपतींच्या गाद्या दोन झाल्या, एक साताऱ्याची आणि दुसरी कोल्हापूरची. दोघांचेही म्हणणे, राज्य माझे. अखेर १७३१ मध्ये साताऱ्याचे शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजी महाराज यांच्यात वारणेचा तह झाला. वारणा आणि कृष्णा या नद्या सीमा ठरल्या. हीच वारणा सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळते. सांगलीकरांनी तो संगम नक्की पाहिला असेल.

संगणकातही असा तह करता येतो. हार्ड डिस्कचे दोन विभाग पाडायचे. एकात विंडोज, दुसऱ्यात लिनक्स. मात्र एक फरक लक्षात ठेवा. तहानंतर दोन्ही राजे एकाच वेळी राज्य करत होते. येथे कोठाराची वाटणी झाली तरी प्रोसेसर आणि रॅम एकच आहे, म्हणून राज्य पाळीपाळीने करायचे. संगणक सुरू करताना 'आज कोण?' असा प्रश्न पडद्यावर येतो. आपण एकाचे नाव निवडतो आणि तो पूर्ण यंत्राचा धनी होतो. दुसरा त्या वेळी कोठारात निपचित पडलेला असतो. दुसऱ्याला उठवायचे तर पहिल्याला झोपवून यंत्र पुन्हा सुरू करावे लागते. याला 'ड्युअल बूट' म्हणतात.

ही निवड होते तरी कशी? बटण दाबले की प्रथम मुख्य फलकावरच्या एका चिपमधला छोटा कार्यक्रम जागा होतो. तो यंत्राची हजेरी घेतो आणि डिस्ककडे वळतो. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर अगदी पहिला कप्पा ५१२ बाइटचा असतो. त्यातले पहिले ४४६ बाइट म्हणजे कारभाऱ्याला उठवणारी चिमुकली आज्ञावली. पुढचे ६४ बाइट म्हणजे विभागांचा तक्ता. एका विभागाची नोंद १६ बाइटची, म्हणून मुख्य विभाग जास्तीत जास्त चार. शेवटचे २ बाइट ही खूण. बेरीज करून पाहा: ४४६ + ६४ + २ = ५१२. सबंध डिस्कच्या वाटणीचा नकाशा ६४ बाइटांत! नव्या पद्धतीत हा तक्ता मोठा असतो, साधारणपणे १२८ विभागांची सोय असते आणि त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. ही दुसरी प्रत ठेवण्याची बुद्धी का झाली असेल, ते माझ्या चुकीवरून कळेल.

माझी चूक

२०१३ सालचा मे महिना. मी सुट्टीत सांगलीला गेलो आणि मोठ्या उत्साहाने दादाच्या तेव्हाच्या संगणकावर लिनक्स बसवू लागलो. एका टप्प्यावर प्रश्न आला: विंडोजच्या शेजारी जागा करायची, की संपूर्ण डिस्क वापरायची? बोलता बोलता, न वाचता, मी दुसऱ्या पर्यायावर बोट टेकवले. पुढच्या 'खात्री आहे?' या प्रश्नालाही 'होय' म्हटले.

त्या क्षणी काय झाले? दादाचे हिशेब डिस्कवर होते तसेच होते. गेला तो नकाशा. ६४ बाइटांचा तक्ता नव्याने लिहिला गेला आणि जुना विभाग कोठून कोठवर होता याची नोंद पुसली गेली. मी तेव्हाच वीज बंद केली असती तर जाणकाराकडून पुष्कळसे परत मिळवता आले असते. पण मी वीस मिनिटे कौतुकाने पडद्याकडे पाहत बसलो. त्या वीस मिनिटांत लिनक्सच्या हजारो फायली त्याच जागेवर लिहिल्या गेल्या. दादाच्या मार्चअखेरच्या हिशेबांवर नवी माती पडली. प्रत काढून ठेवलेली नव्हती. पुढे अकरा रात्री वहिनी आणि मी बिलबुकांच्या कार्बनप्रती समोर ठेवून सगळे आकडे पुन्हा भरत होतो. दादा एक शब्दही रागावून बोलला नाही. ते मला जास्त लागले.

म्हणून तहाचा पहिला नियम: सीमा आखण्याआधी दप्तराची नक्कल काढा, आणि ती दुसऱ्या गावी ठेवा. 'दुसऱ्या गावी' हे उगीच म्हटलेले नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी सांगलीच्या बाजारपेठेत शिरले, ते तुमच्या घरच्यांना आठवत असेल. मूळ टेबलावर आणि नक्कल त्याच टेबलाच्या खणात, तर पाण्याला दोन्ही सारखीच. त्या वर्षी दादाचा संगणक गेला. पण हिशेबांची नक्कल सव्वाशे किलोमीटरवर साताऱ्यात, माझ्या कपाटात होती. २०१३ ची ती एवढीच कमाई!

दुसरा मार्ग: जहागीर

आता दुसरा मार्ग. १८०१ मध्ये चिंतामणराव पटवर्धन मिरजेपासून वेगळे झाले आणि सांगली ही त्यांच्या जहागिरीची राजधानी झाली. जहागीरदार आपल्या मुलखात राजासारखाच. वसुली त्याची, कचेरी त्याची, घोडदळ त्याचे. पण त्याचा अधिकार वरून मिळालेला असतो.

संगणकातही एका कारभाऱ्याच्या राज्यात दुसऱ्याला जहागीर देता येते. समजा विंडोज हा मुख्य कारभारी आहे. त्याच्या हाताखाली एक खास कार्यक्रम चालवायचा. हा कार्यक्रम एक खोटा संगणक उभा करतो: खोटी डिस्क, खोटा पडदा, रॅमचा ठरवून दिलेला तुकडा. या खोट्या संगणकात लिनक्स बसवायचे. लिनक्सला वाटते आपण खऱ्याच यंत्रावर आहोत. आपल्याला मात्र ते पडद्यावर एका चौकटीत, शेजारच्या चौकटीतल्या हिशेबाइतकेच निमूट चाललेले दिसते. अशा यंत्राला 'व्हर्च्युअल मशिन' म्हणजे आभासी यंत्र म्हणतात; मुख्य कारभाऱ्याला यजमान आणि आतल्याला पाहुणा.

पण मग शून्याच्या पायरीचे काय? पाहुणा राजाच्या थाटात खास आज्ञा देतो, तेव्हा प्रोसेसर त्याला थांबवतो आणि यजमानाकडच्या मध्यस्थाला खबर देतो. मध्यस्थ ती आज्ञा खोट्या यंत्रापुरती पार पाडून पाहुण्याला सांगतो, "झाले." पाहुणा समाधानाने पुढे जातो. हे सारे इतक्या झटपट होते की त्याला संशयही येत नाही.

ही कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीच्या अमेरिकेतील केंब्रिज येथील केंद्रात १९६७ मध्ये अशी प्रणाली चालू होती, आणि १९७२ मध्ये कंपनीने आपल्या मोठ्या यंत्रांसाठी ती बाजारात आणली. एका अवाढव्य यंत्रावर अनेक जण बसत आणि प्रत्येकाला वाटे की सगळे यंत्र आपलेच आहे. १९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग या दोघा संशोधकांनी, असे आभासी यंत्र नीट चालण्यासाठी प्रोसेसरमध्ये कोणता गुण हवा, हे नेमके मांडले. थोडक्यात, अधिकाराशी संबंध असलेली प्रत्येक आज्ञा खालच्या पायरीवरून दिली गेली तर प्रोसेसरने तक्रार केलीच पाहिजे.

घरगुती संगणकांचे प्रोसेसर या परीक्षेत बरीच वर्षे नापास होते! त्यांतल्या काही आज्ञा खालच्या पायरीवर तक्रार न करता गुपचूप वेगळेच वागत. १९९९ मध्ये व्हीएमवेअर कंपनीने त्यावर तोड काढली. पाहुण्याच्या आज्ञा आधी वाचायच्या, धोक्याच्या आज्ञा बदलून घ्यायच्या आणि मगच प्रोसेसरकडे पाठवायच्या. पुढे इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच यासाठी सोय केली. आज शाळेतल्या मुलालाही हे जमते, ते त्यामुळे.

या मार्गाचे फायदे स्पष्ट आहेत. डिस्कचे विभाग पाडावे लागत नाहीत, कारण पाहुण्याची सगळी खोटी डिस्क म्हणजे यजमानाच्या कोठारातली एक मोठी फाइल. दोन्ही कारभारी एकाच वेळी जागे. शिवाय आभासी यंत्राची आजची स्थिती जपून ठेवता येते. उद्या काही बिघडले तर सरळ आजच्या स्थितीत परत यायचे. नुकसान झाले तर जहागिरीपुरते.

मग सगळ्यांनी हाच मार्ग का घेऊ नये? याचे उत्तर मोजण्यात आहे.

मोजून पाहा

दादाच्या संगणकात रॅम आहे ४ जीबी. त्यातला विंडोज १० नुसता सुरू होऊन बसला तरी दीड ते दोन जीबी अडवतो. हिशेब आणि इतर किरकोळ कामे मिळून १ जीबी धरा. पाहुण्या लिनक्सला निदान २ जीबी तरी हवेत. बेरीज झाली जवळजवळ ५. चारच्या पेटीत पाच कसे मावणार?

मावत नाहीत तेव्हा कारभारी एक युक्ती करतो. रॅममधला काही ऐवज तो तात्पुरता हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागेल तेव्हा परत आणतो. काम चालते, पण कसे? आपण पदार्थविज्ञानाने पाहू.

हार्ड डिस्कमध्ये खरोखरीच एक तबकडी फिरत असते. ती मिनिटाला ७२०० फेरे घेत असेल तर सेकंदाला १२० फेरे झाले. म्हणजे एका फेऱ्याला १/१२० सेकंद, सुमारे ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागणार, म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद. शिवाय वाचणारे डोके योग्य वर्तुळावर सरकायला आणखी काही मिलिसेकंद. एकूण सुमारे १० मिलिसेकंद धरा. रॅममधून तीच वस्तू सुमारे १०० नॅनोसेकंदांत मिळते. १० मिलिसेकंदांना १०० नॅनोसेकंदांनी भागा. उत्तर येते एक लाख!

एक लाखपट म्हणजे किती, याचा अंदाज घ्या. दुकानदाराने डबा काढून द्यायला एक सेकंद लावला तर ते झाले रॅम. तोच डबा एक लाख सेकंदांनी, म्हणजे एक दिवस आणि पावणेचार तासांनी मिळाला तर ती झाली हार्ड डिस्क. दादाच्या संगणकात आभासी यंत्र उभे केले असते तर गिऱ्हाईक समोर ताटकळले असते, आणि पुतणीचाही लिनक्सवर कायमचा राग बसला असता.

ज्यात फिरणारे काहीच नाही अशी एसएसडी डिस्क असेल तर हा फरक बराच कमी होतो. तरीही ती रॅमची बरोबरी करत नाही.

एक प्रश्न, दोन उत्तरे

आता माझे साताऱ्याचे उदाहरण सांगतो. मी कॉलेजात प्रश्नपत्रिका आणि टिपणे तयार करतो. माझी पुष्कळशी जुनी टिपणे श्रीलिपीसारख्या विंडोजवरच्या प्रणालीत आणि तिच्या जुन्या फाँटमध्ये आहेत. तो फाँट नसलेल्या संगणकावर ती उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. म्हणून विंडोज सुटत नाही. दुसरीकडे, प्रयोगशाळेत आम्ही 'एक्सपआइज' नावाची छोटी मापन-पेटी वापरतो. दिल्लीच्या आंतरविद्यापीठ प्रवेगक केंद्राने ती विद्यार्थ्यांसाठी तयार केली आहे. तिचे माझे सगळे प्रयोग लिनक्सवर मांडलेले आहेत.

मला ही दोन्ही एकाच वेळी लागतात. धारित्राचा विद्युतभार कसा ओसरतो, त्याचा आलेख एका चौकटीत काढायचा आणि शेजारच्या चौकटीत टिपणात उतरवायचा. दर वेळी संगणक बंद करून पुन्हा सुरू करत बसलो तर तास संपून जाईल. माझ्या संगणकात रॅम १६ जीबी आहे. त्यातली ६ जीबी मी पाहुण्या लिनक्सला दिली, तरी यजमानाला १० उरतात. मापन-पेटीही पाहुण्याच्या ताब्यात देता येते. आभासी यंत्रामुळे वेळेची मोजणी चुकेल अशी मला आधी शंका होती. पण वेळ मोजण्याचे काम पेटीतल्या छोट्या चिपकडेच आहे. संगणक फक्त तयार आकडे घेतो. तेव्हा साताऱ्यात जहागीर पत्करली.

सांगलीत उलट परिस्थिती. दादा दिवसा बसतो, पुतणी रात्री. दोघांना यंत्र एकाच वेळी लागत नाही. रॅम तुटपुंजी आहे. म्हणजे ज्याची पाळी असेल त्याला सगळी ४ जीबी मिळावी, हेच शहाणपणाचे. आणखी एक कारण होते. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून नेहमी मिळणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या, आणि दादाचा जुना संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. दादाच्या हिशेबाला इंटरनेट लागत नाही. कर-सल्लागार पेन ड्राइव्हवर फाइल नेतो. तेव्हा विंडोज हिशेबापुरता आणि इंटरनेटपासून तोडलेला, आणि बाहेरच्या जगाशी व्यवहार फक्त लिनक्सचा, अशी वाटणी ठरली. सांगलीत तह झाला.

मात्र २०१३ ची आठवण ताजी होती. म्हणून या वेळी एकाच डिस्कवर सीमा आखायची नाही, असे मी ठरवले. २४० जीबीची एक वेगळी एसएसडी आणली. लिनक्स बसवताना जुन्या डिस्कची वायर काढूनच ठेवली. जी डिस्क जोडलेलीच नाही तिच्यावर चुकून कोण लिहील? वायर पुन्हा जोडल्यावर, संगणक सुरू होताना एक ठराविक कळ दाबली की कोणत्या डिस्कवरून उठायचे ते विचारले जाते. वायर काढण्यापूर्वी दादाने स्वतः हिशेबांची नक्कल काढली, आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून दाखवल्याशिवाय मला पेचकस हातात घेऊ दिला नाही. त्याचे बरोबरच होते. जी नक्कल उघडून पाहिलेली नाही, तिच्यावर भरवसा कसला?

घड्याळाची गंमत

मी साताऱ्याला परतलो आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी दादाचा फोन. "अरे, साडेनऊला दुकान उघडले, आणि संगणकात पहाटेचे चार वाजलेत! बिलांवर वेळ चुकीची येते आहे."

मला हसू आले. साडेनऊ वजा चार, बरोबर साडेपाच तास. हा आकडा कोठे भेटला आहे, ओळखा पाहू! भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, ८२.५ ला १५ ने भागा, साडेपाच. इतके तास आपण जागतिक वेळेच्या पुढे आहोत. संगणकात सेलवर चालणारे एक छोटे घड्याळ असते. लिनक्स त्यात जागतिक वेळ लिहून ठेवतो आणि पडद्यावर दाखवताना साडेपाच तास मिळवतो. विंडोज त्याच घड्याळातली वेळ स्थानिक समजून तशीच दाखवतो. रात्री पुतणीच्या लिनक्सने घड्याळात जागतिक वेळ लिहिली आणि सकाळी दादाच्या विंडोजने ती जशीच्या तशी वाचली. इंटरनेट तोडलेले, त्यामुळे विंडोजची वेळ आपोआप दुरुस्तही झाली नाही. 'घड्याळात स्थानिक वेळच ठेव' अशी आज्ञा लिनक्सला दिली आणि तंटा मिटला. ती आज्ञा पुतणीनेच शोधून काढली, हे विशेष.

तुम्ही काय कराल?

मित्रांनो, 'दोनांतला चांगला मार्ग कोणता?' असे मला पुष्कळ विद्यार्थी विचारतात. त्याला एकच उत्तर नाही. स्वतःला चार प्रश्न विचारा. दोन्ही कारभारी एकाच वेळी हवेत का? रॅम किती आहे? कामाला यंत्राची सगळी ताकद लागते का, जसे भारी खेळ किंवा चित्रफितींचे संपादन? आणि चूक झाली तर कोणाचे काय जाईल? एकाच वेळी हवेत आणि रॅम ८ जीबीहून जास्त आहे, तर आभासी यंत्र. पाळीपाळीने चालेल, रॅम कमी आहे किंवा सगळी ताकद हवी आहे, तर ड्युअल बूट; जमल्यास वेगळ्या डिस्कवर.

आणि नुसती ओळखच करून घ्यायची असेल तर दोन्ही नकोत. पुष्कळशी लिनक्स पेन ड्राइव्हवरूनच सुरू होतात आणि आपण सांगितल्याशिवाय डिस्कला हात लावत नाहीत. पडदा, कळफलक, इंटरनेट सगळे चालते की नाही, ते आधी असे पाहून घ्या. पेन ड्राइव्ह मात्र रिकामा घ्या, कारण तो तयार करताना त्यावरचे सगळे पुसले जाते.

ड्युअल बूट करणार असाल तर आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. नवा विंडोज बंद करताना पुष्कळदा पुरता बंद होत नाही. लवकर उठता यावे म्हणून अर्धवट झोपतो. तो तसा असताना लिनक्समधून त्याच्या विभागात काही लिहिले तर फायली बिघडू शकतात. तेव्हा त्याची ती सवय आधी बंद करा. दुसरे असे, की काही संगणकांत विंडोजची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असते. त्याची ४८ आकडी किल्ली कागदावर लिहून घेतल्याशिवाय काही बदलू नका.

सगळ्यात महत्त्वाचे, संगणक घरातल्या दुसऱ्या कोणाच्या कामाचा असेल तर आधी त्यांना विचारा. त्यांचे दप्तर तुमच्या प्रयोगापेक्षा मोठे आहे. नक्कल काढा, ती उघडून पाहा, दुसऱ्या जागी ठेवा, आणि पडद्यावरचा प्रत्येक प्रश्न पूर्ण वाचून मगच 'होय' म्हणा.

परवा पुतणीचा फोन आला होता. तिने पायथॉनमध्ये एक छोटा कार्यक्रम लिहिला आहे. दादाच्या हिशेबांची फाइल पेन ड्राइव्हवरून घेऊन दर रविवारी तिची नक्कल करायची, आणि ती मुळाशी बाइट न् बाइट जुळते का ते तपासायचे. या रविवारी पहिल्यांदाच जुळणी चुकली. शोध घेतला तेव्हा पेन ड्राइव्ह खराब झालेला निघाला. दादाने लगेच नवा आणला.

करून पाहा: तुमच्या शाळेतल्या किंवा घरातल्या संगणकाची रॅम किती, ते शोधा. काहीही उघडलेले नसताना त्यातली किती वापरात आहे तेही पाहा. मग हिशेब मांडा: तेथे तह शोभेल की जहागीर?